सुजाता, तुझा फोटो मी पळवला

सुजाता,

तुझी शोकसभा मी नासवली. तू असतीस तर ही बातमी माझ्याआधी चार जणांनी तुला दिली असती, प्रत्येकानं आपापलं तिखटमीठ लावून. नाहीस, म्हणून मलाच द्यावी लागते आहे. तिखटमिठाचं खातं तसंही आपल्या नाट्यमंडळात माझ्याकडेच असतं.

सभा मधेच बंद पडली. फोटो टेबलावरून गेला. तो कोणी नेला हे भरल्या हॉलनं पाहिलं, कारण नेणारा मीच होतो. फ्रेम पोटाशी धरलेली, माईकची वायर पायात गुंतलेली, आणि एका पायात चप्पल. दुसरी अजून त्या हॉलमध्येच असेल. आणायला जायची माझी छाती नाही.

क्रमानं सांगतो. "विल्या, तू कोणतीबी गोष्ट शेपटीकडून पकडतो गा," असं तू म्हणायचीस. आज डोक्याकडून धरायचा प्रयत्न करतो.

माझं डोकं म्हणजे माझी जीभ. दिवसा मी हिंगण्याच्या कारखान्यात बेअरिंगा आणि नटबोल्ट राखतो, कंपनीच्या बसनं घरी येतो, आणि तोंड धुऊन माईकपुढे उभा राहतो. सत्कार, प्रकाशन, निरोप समारंभ, शोकसभा. नागपुरात कोणी गेलं की घरचे आधी नातेवाइकांना फोन करतात आणि मग विलासला, असं तू जिथं तिथं सांगत फिरायचीस. एका सत्कारात मी सत्कारमूर्तींचा उल्लेख 'कैलासवासी' असा केला होता, निव्वळ सवयीनं. ते माझ्या शेजारीच बसले होते, शाल पांघरून. तू हसता हसता खुर्चीवरून खाली सरकलीस आणि नंतर मला म्हणालीस, "तुझी जीभ तुझ्याआधी स्टेजवर जाते. एक दिवस हे कोणाले तरी महागात पडन."

तुलाच पडलं. दोनदा.

आपण एकाच खोलीत नाटक शिकलो. शिकवणाऱ्याचं नाव मी लिहिणार नाही, कारण तूच बजावून ठेवलं आहेस. "मी गेल्यावर तू लिहिल्याबिगर राहणार नाही, ते मले माहीत आहे. लिही. पण काय झालं ते नको लिहू. मी काय केलं ते लिही." म्हणून त्यांना इथं नुसतं 'सर' म्हणतो. या शहरात सर पुष्कळ आहेत, कोणी अंगाला लावून घ्यायचं असेल तर घेवो.

सरांचं एक वाक्य होतं. "नटाचं शरीर नटाचं नसतं, नाटकाचं असतं." मी ते वहीत लाल शाईनं उतरवून त्याला चौकट केली होती. पुढं वीस वर्षं प्रत्येक नाट्यशिबिरात मी ते पोरापोरींना ऐकवलं, उजवा हात हवेत नेऊन, सरांसारखाच. तू एकोणीस वर्षांची असताना, इतर सगळे घरी गेल्यावर, त्या वाक्याचा त्या खोलीत काय उपयोग झाला, ते तू मला फार उशिरा सांगितलंस. बर्डीवर, मेट्रोच्या पुलाखालच्या टपरीवर, भर दुपारी. आजूबाजूला लोक चार्जर आणि ओढण्यांचा भाव करत होते. तू चार वाक्यं बोललीस, एखाद्याला घरचा पत्ता सांगावा तशी, चहा सांडू न देता. ती चार वाक्यं मी गिळली आहेत. पाचवं माझं होतं.

"सर? आपले सर?"

"आपले नको म्हणू. तुझे असतीन."

मला वाटतं त्या दिवशी तू माझ्याकडून फार काही मागत नव्हतीस. मी फक्त ग्लास खाली ठेवायला हवा होता. मी मात्र चहावाल्याला आणखी दोन कटिंग सांगितले, कारण विषय बदलायचा दुसरा मार्ग मला येत नाही.

आणि दोन महिन्यांनी सरांच्या पंचाहत्तरीचा सत्कार होता. माईकवर कोण? मीच. मला कळत नव्हतं असं नाही, सुजाता. कळत होतं. पण तारीख आधीच दिलेली होती, निमंत्रणपत्रिकेत नाव छापलेलं होतं, आणि छापलेल्या नावाला मी आयुष्यभर घाबरत आलो आहे. मी सरांना 'अनेक पिढ्यांना घडवणारे हात' म्हणालो. हात. दुसरा कुठलाही अवयव मोकळा होता, मी नेमका तोच घेतला. तुला कोणी तरी रेकॉर्डिंग पाठवलं. तुझा एकच मेसेज आला: "चांगला बोलला." मी मूर्ख, मी तुला अंगठा पाठवला.

आता तू काय केलंस ते.

तू पॅथॉलॉजी लॅबमध्ये होतीस. सकाळी स्कूटरनं घरोघरी जाऊन लोकांचं रक्त काढायचीस. माझ्या बाबांकडंही यायचीस. त्यांचा दंड धरायच्या आधी म्हणायचीस, "काका, धरू का?" आमचे बाबा, ज्यांनी सगळ्या हयातीत घरात कोणाला काही विचारलं नाही, ते त्या प्रश्नानं चक्रावून जायचे. एकदा म्हणाले, "नको." तू सुई ठेवून दिलीस, खुर्चीवर बसलीस, पेपर वाचलास. दहा मिनिटांनी बाबांनीच हात पुढं केला. त्या खुर्चीतच तुझ्या डोक्यात तो प्रयोग आला, असं तू म्हणायचीस. मी श्रेय आमच्या बाबांना देतो. माझ्याकडं यायचं ते कधी आलंच नाही.

पहिला प्रयोग बर्डीतल्या एका कोचिंग क्लासच्या खोलीत, रविवारी सकाळी. बाकं भिंतीला लावलेली. तू कबड्डीच्या मैदानावर मारतात ती फक्की आणलीस, डब्यातून, आणि आपल्याभोवती जमिनीवर एक गोल आखून आत उभी राहिलीस. नियम एवढाच. ज्याला यायचं त्यानं रेषेपाशी यायचं आणि तुझ्या अंगाच्या कुठल्याही एका जागेचं नाव घेऊन विचारायचं, हात लावू का. तू पाहिजे तितका वेळ घेणार. मग हो किंवा नाही. हो म्हटलंस तर त्या माणसाचा हात तूच धरणार, तूच तिथं नेऊन ठेवणार, तूच मोजणार, तूच उचलून परत देणार. बास. संगीत नाही, गोष्ट नाही, शेवट नाही.

पहिल्या दिवशी तू एकोणीस जणांना नाही म्हणालीस. एक रिटायर्ड मास्तर चिडून गेले, "नाहीच म्हणायचं तर पत्रक छापायचं कशाला?" दोघी उगाच हसत राहिल्या. मग एका कॉलेजच्या पोरीनं विचारलं, "कोपराला लावू?" तू इतका वेळ गप्प राहिलीस की मी घड्याळ पाहिलं. मग म्हणालीस, "हो." तिचा हात कोपरावर ठेवलास, पाचपर्यंत मोजलंस, काढलास. मी निवेदक म्हणून कोपऱ्यात निरुपयोगी उभा होतो, तेव्हा तुझा चेहरा पाहिला. तू काही सोसत नव्हतीस. नीट मोजत होतीस, लॅबमध्ये नळीवर नाव लिहिताना असतेस तशी.

आणि मी बाहेर येऊन काय म्हणालो? "हे नाटक होय का वं? लोकांना कळलं पाहिजे ना. निदान काय झालं त्याचं दोन वाक्यात काही तरी सांग."

"काहून?"

"म्हणजे लोक जोडले जातात."

"जोडले जातात," तू माझी नक्कल केलीस. मग चेहरा पुसल्यासारखा झाला तुझा. "काय झालं ते त्याचं काम होतं, विल्या. हे माझं काम आहे. लोकाइले माझं काम पाहू दे ना. त्याचं काहून दाखवू फुकट?"

हा आपला वाद. तीन वर्षं चालला. मी म्हणायचो, जखम सांगितल्याशिवाय मलमाला अर्थ नाही. तू म्हणायचीस, तू मलम पाहायले नाही येऊन राहिला, तुले जखमच पाहायची आहे, तुम्हा सगळ्याइलेच. मी दुखावल्यासारखा चेहरा करायचो. तू बरोबर होतीस. चांगली गोष्ट हातात असून ती सांगायची नाही, हे मला अन्न टाकून देण्यासारखं वाटायचं.

दरम्यान तुझ्यात काय होत होतं ते मी पाहत होतो आणि मला दिसत नव्हतं. तू शेअर ऑटोत बसायला लागलीस. हॉटेलात भिंतीला पाठ लावून बसायचं तुझं सुटलं. तिसऱ्या वर्षी एकदा तू मुद्दाम माझ्या घरापर्यंत आलीस, दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "पाह्य." मी पाहिलं. तू केस कापून आली होतीस, पार्लरमध्ये, कोणा अनोळखी बाईकडून. म्हणजे अर्धा तास कोणाचे तरी हात तुझ्या मानेमागं होते, कात्रीसकट, आणि तू खुर्चीत बसून राहिली होतीस. मी म्हणालो, "वाकडे कापलेत." तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, अरे, खरंच फार वाकडे कापले असतील. मी तुला दुसऱ्या पार्लरचा पत्ता दिला.

मग तो कॉलेजचा प्रयोग. मोठं सभागृह, पहिल्यांदाच एवढी गर्दी. तू म्हणाली होतीस, "माझं नाव सांग, नियम सांग, अन् खाली उतर." मी माईक हातात घेतला. समोर दोनशे माणसं. नियम सांगितले, आणि कोणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. ती शांतता मला सोसत नाही, माहीत आहे तुला. माझी जीभ निघाली. मी म्हणालो, "आज तुमच्यासमोर उभी राहणार आहे एक जखमी पक्षीण."

पक्षीण, सुजाता. रोज सकाळी दहा घरी रक्त काढणाऱ्या, स्कूटरचा प्लग स्वतः साफ करणाऱ्या बाईला मी पक्षीण म्हणालो. आणि मग आवाज खाली आणून, जिथं टाळी येते तिथं थांबून, सांगून टाकलं की हिच्यावर विश्वासातल्याच एका माणसानं. नाव घेतलं नाही. त्याबद्दल मी नंतर बराच काळ स्वतःचं कौतुक करत होतो. टाळी आली. कशाला आली, कोणाला आली, देव जाणे.

तू विंगेत होतीस, हातात फक्कीचा डबा. मला वाटलं तू निघून जाशील. तू आलीस आणि गोल आखलास. नेहमीपेक्षा सावकाश. मग रांग लागली. ओले डोळे घेऊन बायका आल्या. "डोक्यावरून हात फिरवू का बेटा?" "नाही." "एकदा जवळ घेऊ दे." "नाही." एक बाई रागावल्याच, "आम्ही तर चांगल्यासाठी म्हणून राहिलो." "नाही." आधीच्या प्रयोगांत लोक तुझ्याकडं पाहून विचारायचे. त्या दिवशी सगळे मी सांगितलेल्या गोष्टीकडं पाहून विचारत होते.

रांग संपली. तू माझ्याकडं वळलीस. "विलासभाऊ, आता तुम्ही या." तू मला अहोजाहो केलंस.

रेषेपाशी आलो. माईक हातातच. "खांद्याला?" "नाही." "हाताला?" "नाही." "करंगळी चालेल, माझी फार अपेक्षा नाही." लोक हसले. "नाही." "सावलीला?" पुन्हा हसले. "नाही." मला वाटलं झालं, सुटलो. तू म्हणालीस, "अजून विचारा." मी टाच म्हणालो, कान म्हणालो, गुडघा म्हणालो. मनगट, पाठ, कपाळ. विनोद केव्हाच संपले होते. माझाच आवाज स्पीकरमधून माझ्याकडं येत होता, एका बाईच्या अंगाचा एकेक तुकडा मागणारा, आणि तो किती ओशाळवाणा आणि किती चिकट ऐकू येतो ते मला पहिल्यांदा कळलं. शेवटी विचारलं, "माफी मागू का?"

"नाही," तू म्हणालीस. आणि गोलातून बाहेर पडून चालायला लागलीस.

नंतर सात महिने तू माझ्याशी बोलली नाहीस. मी ही हकीकत पाच-सहा मैफलींत सांगितली, माझी फजिती म्हणून, सावलीच्या विनोदासकट. लोक पोट धरून हसले. हेही तुला कोणी तरी सांगितलं असणार.

सात महिन्यांनी मेसेज आला, दवाखान्याचं नाव आणि पुढं: "ये. जास्त बोलू नको."

स्वादुपिंडाचा कॅन्सर माणसाला फार वाट पाहायला लावत नाही. तू निम्मी झाली होतीस. पलंगाच्या डोक्याशी लॅबच्या फॉर्मच्या पाठीमागं पेनानं लिहून चिकटवलं होतंस: 'विचारून हात लावावा.' एक तरणा डॉक्टर ते वाचून म्हणाला, "मॅडम, ताप येतो तो विचारून येतो का?" तू म्हणालीस, "ताप बिनडोक आहे. तुम्ही शिकलेले आहा." तो विचारायला लागला. उपकार केल्यासारखं, पण विचारायला लागला. तुझ्या एका आत्यानं तो कागद फाडून टाकला, दवाखान्यात शोभत नाही म्हणून. तू दुसरा लिहिलास. अक्षर हललेलं होतं.

तुझी आई गरम पाणी आणायला गेली तेव्हा तू कामाचं बोललीस.

"मंडळ शोकसभा घेईन. सूत्रसंचालन तूच करशीन, दुसरा आहे कोण या गावात."

"काहीही नको बोलू वं. तू अजून..."

"धीर नको देऊ. जोकबी नको मारू. आइक. ते येतीन. पहिल्या लाइनीत बसतीन. माझ्या फोटोले त्याइचा हात लागू देऊ नको. हार नाही, फूल नाही, काहीच नाही."

"आणि कोणी विचारलं काहून, तर?"

"तर सांगायचं नाही."

"अगं, न सांगता अडवू कसा? लोक मला खातील."

"खाऊ दे. मी नाही म्हणत होती तवा कारण देत होती का कोणाले?" मग दम लागून थांबलीस. "तू कारण सांगितलं तर पेपरात त्याइचं नाव मोठं येईन, अन् माझं कंसात."

मी वचन दिलं. वर म्हणालोच, "तोवर मीच गेलो तर?"

"तर मी करीन तुझ्या सभेचं सूत्रसंचालन. थोडक्यात करीन."

तेवढ्यावर हसलीस. माझ्यावर हसलीस ते शेवटचं.

तर सभा. भर उन्हाळ्याची संध्याकाळ, चार कूलर घरघरत होते, तुझा फोटो टेबलावर, शेजारी ताटात हार आणि मेणबत्ती. माझ्या हातातल्या कागदावर मी लिहून आणलं होतं: माल्यार्पण, आई. दुसरं नावच नव्हतं. वाक्यही पाठ केलं होतं. तुझी आई पांढरं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. मी कागदावरून मान वर केली आणि त्याच क्षणी दारातून सर आले, काठी टेकत, उशिरा, जसे ते नेहमी येतात. हॉल उठून उभा राहिला. आणि माझी जीभ निघाली.

"आपल्या सर्वांचे आदरणीय सर आत्ताच आलेले आहेत. मी त्यांना विनंती करतो की त्यांनी प्रतिमेला पुष्पहार अर्पण करावा."

मीच म्हणालो. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी दबाव आणला नव्हता. पंचवीस वर्षं मोठा माणूस दारात दिसला की हे वाक्य आपोआप बाहेर पडत आलंय, शिंक पडावी तसं. वाक्य संपल्यावर मला ते ऐकू आलं.

सरांनी काठी कोणाकडं तरी दिली, ताटातला हार उचलला. मी माईकवर ओरडलो, "थांबा!"

ते थांबले. आणि हार तसाच दोन्ही हातांत उंच धरून त्यांनी मान किंचित वळवली, शोकाकुल, फोटोग्राफरकडं. समारंभात 'थांबा' म्हणजे फोटो काढायचाय, एवढंच त्यांना माहीत होतं. फोटोग्राफरनंही काढला.

"फोटोसाठी नाही, सर. हार खाली ठेवा. तुम्ही तो घालायचा नाही, असं सुजाता सांगून गेली आहे."

कूलरचा आवाज एकदम मोठा झाला. आपल्या मंडळाचा सचिव बबन, जो माझ्या प्रत्येक विनोदावर आधीच हसतो, तो धावत आला. "का रे? का?"

"ते सांगणार नाही."

"सांगणार नाही म्हणजे काय? सरांचा अपमान करून राहिला तू. कारण सांग, नाही तर इथंच माफी माग!"

मागून लोक ओरडले, "सांगा ना! सांगा!"

सुजाता, मी असा आयुष्यात कधी उभा राहिलो नव्हतो. माझ्या तोंडात त्या वेळी या गावातली सगळ्यात मोठी गोष्ट होती. चार वाक्यांची. ती सोडली असती तर हॉल दोन मिनिटांत उलटा फिरला असता, सर दारापर्यंतही पोचले नसते, आणि मी, काय सांगू, मी नायक झालो असतो. तू आतून दात आवळून धरले होतेस माझे. मी एवढंच म्हणालो, "नाही." पुन्हा विचारलं. "नाही." तुला ते किती सोपं जायचं असं मला वाटायचं.

बबननं माईक हिसकावला. सर थरथरत्या आवाजात म्हणाले, "असू द्या. विलास भावनावश झाला आहे. लेकरू आहे." मी शेहेचाळीस वर्षांचं लेकरू. पहिल्या रांगेतून एक बाई रडायला लागल्या, सरांच्या मोठेपणानं. आणि सर हार घेऊन पुन्हा पुढं निघाले. तीन पावलं उरली होती. माझ्याकडं माईक नव्हता, शब्द नव्हते, कारण सांगायची मुभा नव्हती. मी फोटो उचलला आणि पळालो.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं: शोकसभेत निवेदकाचा गोंधळ, ज्येष्ठ रंगकर्मींचा संयम. सरांनी सांगितलं होतं की तू त्यांना मुलीसारखी होतीस आणि देहबोलीची तुझी समज त्यांनीच प्रथम ओळखली. मंडळानं माझं नाव काढून टाकलं. पुढच्या महिन्यातले सगळे कार्यक्रम गेले. बायको म्हणाली, "बरं झालं, घरी जेवाल." लोक आता मला पाहिलं की सरांची तब्येत विचारतात. तू म्हणाली होतीस, खाऊ दे. ते फार चांगलं चावून खातात गं, मंडळातले लोक.

फोटो परत द्यायचा होता. स्कूटरच्या पुढं पायाशी उभा ठेवून कन्हानला गेलो. तुझी आई एकटीच होती, दार उघडंच. तुझे बाबा खाणीतून रिटायर होऊन वारले त्यानंतर ती अशीच दार उघडं ठेवून बसते, असं तू सांगितलं होतंस.

"फोटो आणला, काकू."

"ठेव तिथं." मग, "काहून केलं गा असं? एवढ्या लोकायसमोर?"

मी फोटो भिंतीला टेकवून ठेवला.

"मलेबी नाही सांगत?"

"नाही, काकू."

"तिनंच सांगतलं न सांगाले?"

मी मान हलवली. तिनं पदरानं तोंड पुसलं. घाम होता.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "झालं त्याच हप्त्यात सांगतलं होतं तिनं. इथंच, शेगडीपाशी बसून. मी म्हटलं चूप राह्य. बापाले कळलं तर तुले खाणीत ढकलन, म्हटलं. तोंड धुवून घे अन् भाकर खा." ती भिंतीकडं पाहत बोलत होती. "खाल्ली तिनं. मंग कवाच नाही बोलली त्याच्यावर."

हे तू मला कधी सांगितलं नाहीस. चार वाक्यांत हे नव्हतं.

"दवाखान्यात म्हटलं, पाठ चोळू का. नाही म्हणे. केस विंचरू का. नाही. पाय दाबू का. नाही म्हणे. रोज विचारलं गा मी. शेवटच्या दिवशीबी विचारलं. मेल्यावर आंघोळ घातली तिले, तवा लागला माहा हात."

मला काही तरी बोलायला हवं होतं. माझ्याकडं त्या प्रसंगासाठी पाठ केलेली निदान दहा वाक्यं आहेत. एकही आलं नाही.

तिनं पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं. "तुले लावू देला का? दवाखान्यात?"

"नाही, काकू. मलेबी नाही."

"खरं सांगतं का? तू लय बनवून सांगतं म्हणे."

"खरं सांगतो. एकदाही नाही."

तेही खरंच होतं. तू मला करंगळीसुद्धा दिली नाहीस, आणि त्याबद्दल मी भांडायला येणार होतो.

"मंग ठीक हाय," ती म्हणाली. तिचे खांदे खाली आले. ती उठली, पातेलं घेतलं, माझ्यासाठी चहा ठेवायला लागली, आणि साखर कुठं ठेवली म्हणून स्वतःशीच बोलायला लागली, अगदी रोजच्यासारखं. तिला किती बरं वाटलं होतं, ते मला पाहवलं नाही.

विलास